आधी टेप, मग खुर्ची: मणक्याच्या दुखापतीनंतर नीट बसायला शिकताना

माझी पहिली व्हीलचेअर दहा मिनिटांत खरेदी झाली. मी डी-१०च्या, म्हणजे छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्याच्या ऑपरेशननंतर वॉर्डात पाठीवर पडून, आणि दादा खाली सर्जिकलच्या दुकानात. दुकानदारानं विचारलं, "पेशंट जाड की बारीक?" दादा म्हणाला, "मध्यम." झालं. अठरा इंची घडीची खुर्ची, काळं रेक्झिन, वर दुकानदारानं प्रेमानं दिलेला दोन इंची स्पंज.

त्या खुर्चीत मी रोज सात-आठ तास बसायचे. तीन महिन्यांनी डाव्या कुल्ल्याखाली रुपयाएवढा लाल डाग आईला दिसला. मला दुखत नव्हतं, कमरेखाली मला काही कळतच नाही. आठवडाभरात तिथे खड्डा पडला, आणि पुढचे साडेचार महिने मी ठाण्यात कोपरीतल्या आमच्या घरात पोटावर झोपून काढले. जेवण पोटावर, टीव्ही पोटावर, भेटायला आलेल्यांशी बोलणंही पोटावरच.

त्या काळात मलम, गादी, ड्रेसिंग, हळद यांवर सल्ला देणारे ढिगानं भेटले. घरी येणाऱ्या फिजिओनं मात्र जखम पाहिली, मग कोपऱ्यातल्या खुर्चीत स्वतः बसून पाहिलं आणि म्हणाली, "ताई, मलम कातडीला लावताय, पण बिघाड या खुर्चीत आहे." हा लेख त्या वाक्यामुळे लिहिते आहे. तुमच्या घरात नुकतीच अशी दुखापत झाली असेल, तर गादी आणि मलमाच्या आधी खुर्ची बघा.

मी डॉक्टर नाही. नुकतंच ऑपरेशन झालं असेल, पाठीला ब्रेस असेल, तर वाकण्याचे आणि वजन उचलण्याचे प्रकार सर्जनला विचारल्याशिवाय करू नका. खालची बरीचशी उदाहरणं माझ्यासारख्या, हात चालणाऱ्या माणसाची आहेत. मानेच्या दुखापतीत काय बदलतं ते जागोजागी सांगितलं आहे.

१. आपण दोन हाडांवर बसतो

घरातल्या चालत्याफिरत्या माणसानं लाकडी पाटावर दोन्ही तळहात खाली घालून बसून बघावं. दोन टोकदार हाडं हाताला बोचतील. ताठ बसल्यावर धडाचं बहुतेक वजन या दोन बैठकीच्या हाडांवर आणि मांड्यांवर येतं. घसरून बसलं की ते मागे, माकडहाडावर आणि त्याच्या वरच्या सपाट हाडावर जातं. तिथे मांस जवळजवळ नाहीच.

गडकरी रंगायतनमध्ये नाटक बघताना माणूस किती वेळा बूड हलवतो, ते त्याचं त्यालाही कळत नाही. रक्त अडलं की खालून निरोप जातो आणि शरीर आपोआप सरकतं. आपल्या बाबतीत तो निरोप वाटेतच अडकतो. म्हणून शरीर जे न सांगता करायचं ते आता घड्याळ बघून करायचं, एवढाच फरक. पण हा फरक जन्मभराचा आहे.

दाबाइतकीच वाईट घसरण. हाड पुढे सरकतं, कातडी रेक्झिनला चिकटून मागे राहते, आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या पिळल्या जातात. त्यात घाम किंवा लघवीची ओल मिळाली की कातडी भिजल्या पापडासारखी होते. जखम पुष्कळदा आत, हाडाजवळ सुरू होते; वर दिसतो तो फक्त शेंडा. म्हणून "छोटीशीच तर आहे" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

पूर्वी मणक्याची दुखापत झालेली माणसं बहुतेक बेडसोअर (दाबामुळे होणारी हीच जखम) नाहीतर लघवीच्या इन्फेक्शननंच जात. १९४४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेविलला लुडविग गुटमन या डॉक्टरांनी मणक्याच्या पेशंटांसाठी वेगळा विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम लावला. माणसं जगू लागली, पुढे खेळूही लागली. औषध तेच आहे, अजूनही.

२. हाताशी काय लागेल

शिंप्याची टेप. पुठ्ठ्याच्या दोन जाड वह्या. लांब दांड्याचा आरसा किंवा मोबाइल. टायमर. एक साधी डायरी. आणि मापं घेताना मागून धरायला एक दणकट माणूस. यातली टेप सोडून बाकी सगळं घरात असतं.

३. मापं घ्या (हा भाग दोनदा वाचा)

मापं बसवूनच घ्या, झोपवून नको. बसल्यावर मांस बाजूला पसरतं. पलंगाच्या कडेला मऊ गादी न ठेवता कडक फळीवर बसवा, पाय जमिनीवर टेकवा, मागून एकानं खांदे धरा. ब्रेस किंवा डायपर रोज लागत असेल तर तो घालूनच.

रुंदी: नितंबांच्या दोन्ही बाजूंना वह्या उभ्या टेकवा आणि दोन वह्यांमधलं अंतर मोजा. त्यात साधारण एक इंच मिळवा. माझं माप साडेचौदा आलं, म्हणजे सोळा इंची खुर्ची हवी होती. अठरा इंचीत मी डावीकडे कलून, डाव्या हातावर टेकून बसायचे, आणि जखमही डावीकडेच झाली. खुर्चीत बसल्यावर कुल्ला आणि बाजूची पट्टी यांच्यामध्ये सपाट तळहात सरकला पाहिजे. मूठ जात असेल तर खुर्ची मोठी. तळहात जात नसेल तर लहान, मग बाजूला घासून जखम होईल.

खोली: पाठीच्या मागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खाचेपर्यंत मोजा आणि दोन इंच वजा करा. बसल्यावर सीटची पुढची कड आणि पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं जावीत. सीट लांब असेल तर कड पोटरीला अडते, मग शरीर स्वतःच पुढे घसरून जागा करून घेतं. आखूड असेल तर मांड्या अर्ध्या बाहेर राहतात आणि त्यांच्या वाट्याचं वजन पुन्हा त्या दोन हाडांवर.

फूटरेस्ट: सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात स्वस्तात दुरुस्त होणारी गोष्ट. नट सैल केला की बहुतेक खुर्च्यांचा फूटरेस्ट वरखाली होतो, हे मला वर्षभर माहीत नव्हतं. तो जास्त वर असेल तर गुडघे वर येतात, मांडी सीटवरून सुटते आणि वजन मागे जातं. फार खाली असेल तर पाय लोंबतात आणि अख्खं शरीर पुढे ओढलं जातं. मांडी पूर्ण लांबीभर कुशनला टेकली पाहिजे. पुढच्या कडेपाशी मांडीखाली बोटं जरा जोर लावून जातील इतपत. जमिनीपासून फूटरेस्ट दोन इंच तरी वर असू द्या, नाहीतर सोसायटीच्या गेटमधल्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर अडकाल. पायात रोजचे बूट घालूनच हे जुळवा, आणि कुशन बदललं की पुन्हा.

पाठ: हात आणि छाती ठीक असेल तर पाठीचा पट्टा खांद्याच्या पात्याच्या खालच्या टोकाखाली संपावा, म्हणजे चाक मारताना पातं अडत नाही. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातल्या दुखापतीत पाठ उंच हवी, काहींना डोक्याला आधार हवा. ते फिजिओ किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टनं ठरवायचं, दुकानदारानं नव्हे.

हात: खांदे सैल सोडून कोपर काटकोनात वाकवलं की आर्मरेस्ट तिथे यावा. उंच असेल तर दिवसभर खांदे कानाशी, खाली असेल तर माणूस एका कुशीला झुकणार.

आणि शेवटी घराची मापं. अठरा इंची घडीच्या खुर्चीची बाहेरची रुंदी साधारण पंचवीस-सव्वीस इंच भरते. आमच्या बाथरूमचं दार चोवीस इंच. खुर्ची घरी आल्यावर आम्हाला हे कळलं. जुन्या ठाण्यातल्या इमारती असोत की नवी मुंबईतली सिडकोची घरं, संडास-बाथरूमची दारं आधी मोजा, लिफ्टचंही.

४. बसायची रीत: कंबर आधी

कुणी बसवत असो की तुम्ही स्वतः सरकत असा, क्रम हाच ठेवा.

पहिलं, दोन्ही ब्रेक. दुसरं, बूड सीटच्या मागच्या कोपऱ्यात पार टेकेपर्यंत न्या. यासाठी माणसाला पुढे वाकवायचं, छाती मांड्यांकडे, आणि मग मांड्या-कमरेला धरून मागे सरकवायचं. काखेत हात घालून वर खेचू नका. माझी देखभाल करायला येणाऱ्या ब्युरोच्या मावशी सुरुवातीला तसंच करायच्या. ओढलं की मी वर येते, पण कातडी खालीच राहते. आता मीच सांगते, "मावशी, आधी मला पुढे वाकवा, मग मागे ढकला."

तिसरं, कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर, जिथे परकराची नाडी येते तिथे, दोन्ही अंगठे ठेवा. दोन्ही एका पातळीत आहेत का? दोन्ही समोर बघतायत का, की एक पुढे आलंय? एक बाजू खाली असेल तर सगळं वजन त्या बाजूच्या हाडावर चाललंय. हातानं सरळ करता येत असेल तर करा. होत नसेल, किंवा पाच मिनिटांत परत तसंच होत असेल, तर टॉवेलच्या घड्या घालून घरगुती उपाय करू नका. ती वाकडी बैठक सुटी आहे की घट्ट झालीय, हे तपासूनच आधार कुठे द्यायचा ते ठरतं. चुकीच्या बाजूला दिलेली घडी म्हणजे नवीन जखम.

चौथं, मांड्या समांतर, गुडघे साधारण काटकोनात, टाचा फूटरेस्टवर सपाट. पाचवं, कमरेचा पट्टा असेल तर तो पोटावरून आडवा नको. मांडी आणि कंबर जिथे मिळतात तिथून तिरका, मागे-खाली जाणारा हवा. पोटावरचा पट्टा घसरण थांबवत नाही आणि घसरलात तर छातीकडे चढतो.

सहावं, कपडे. खाली हात घालून सुरकुत्या सपाट करा. मागचे खिसे, जीन्सचे रिव्हेट, खिशातला मोबाइल, जाड शिवण, सगळं बाद. बायकांना खास सांगते: परकराची किंवा सलवारीची नाडीची गाठ मागे किंवा कुशीत येऊ देऊ नका, पॅडची दुमडलेली कड बघा, आणि साडीला मागे सेफ्टी पिन कधीही नाही. मी आता इलॅस्टिकचे लेहेंगे आणि पलाझोच घालते. आईला लग्नकार्यात ते खटकतं, पण ती आता बोलत नाही.

घडीच्या खुर्चीची सीट कापडी झोळीसारखी असते, काही महिन्यांत ती मधे खचते. गुडघे एकमेकांवर येतात, कंबर वाकडी होते. कुशनखाली मापात कापलेली कडक प्लायवूडची फळी, कडा गुळगुळीत करून, बेल्टनं घट्ट बसवली तर बराच फरक पडतो. फळीमुळे उंची वाढते हे विसरू नका. फूटरेस्ट आणि आर्मरेस्ट पुन्हा जुळवावे लागतात, आणि पलंगावर सरकतानाही उंचीचा अंदाज बदलतो.

एक जागा मात्र खुर्चीहून वाईट: पलंगावर उशांना टेकून पाय लांब करून अर्धवट बसणं. बघणाऱ्याला वाटतं पेशंट आरामात टीव्ही बघतोय. प्रत्यक्षात तो इंच इंच खाली घसरतोय आणि माकडहाडाची कातडी सोलवटतेय. टीव्ही बघायचा तर खुर्चीत नीट बसून, नाहीतर कुशीवर. पलंगाचं डोकं जेवण सोडून इतर वेळी तीस अंशांच्या वर नको.

५. कुशन

कुशनशिवाय खुर्चीत बसायचं नाही, पाच मिनिटंही. कुठलं घ्यायचं?

फोमचं स्वस्त, हलकं, स्थिर. चांगल्या घनतेचा, बैठकीला खाच असलेला फोम बऱ्याच जणांना पुरतो. पण तो मरतो. वरून दाबून सोडल्यावर झटकन वर येत नसेल, किंवा बसल्यावर हाड खालच्या फळीला लागत असेल, तर तो गेला. जेलचं जड असतं; जेल बाजूला सरकतं, ते रोज हातानं मळून मधे आणायचं. हवेच्या कप्प्यांचं दाब सगळ्यात चांगला विभागतं, पण महाग, आणि रोज हवा तपासावी लागते. ज्यांना एकदा जखम झालीय त्यांनी शक्यतो याचा विचार करावा. मी तेच वापरते.

हवेचं कुशन वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे हवा टम्म भरणं. टम्म कुशन हे फुगलेलं लाकूड. बसल्यावर कुशन आणि तुमचं बूड यांच्यामध्ये हात घालून सगळ्यात खाली आलेलं हाड शोधा; ते हाड आणि कुशनचा तळ यांच्यात अर्धा ते एक इंच अंतर हवं. बोटं दाबली जात असतील तर हवा कमी, हाड सापडतच नसेल तर जास्त. हे रोज सकाळी. माळशेज घाट चढून गेल्यावर हवेचं कुशन फुगतं, तेव्हा सहलीला गेल्यावरही हात घालून बघा.

काय घेऊ नका: मधे भोक असलेली गोल रिंग. नातेवाईक हमखास आणतात. रिंगेच्या कडेवर सगळा दाब येतो आणि मधल्या भागाचं रक्त अडतं. गोधडीची घडी, पाणी भरलेले हातमोजे, प्लॅस्टिक गुंडाळलेला स्पंज, तेही नको. कुशनवर जाड चादर किंवा तीन घड्यांचा टॉवेल घालून त्याचा परिणाम मारू नका. ताणलं जाणारं मूळ कव्हरच ठेवा. कव्हर दोन घ्या. आमच्याकडे जून ते सप्टेंबर काही वाळत नाही, आणि ओल्या कव्हरवर बसणं म्हणजे सगळं मुसळ केरात.

कुशनला पुढची-मागची बाजू असते. माझं एक पूर्ण आठवडा उलटं होतं. मागच्या बाजूला रंगीत दोरा शिवून टाका.

६. वजन उतरवणं

दर पंधरा ते तीस मिनिटांनी बैठकीवरचं वजन उतरवायचं. किती वेळ? इथेच घोळ होतो. हॉस्पिटलमध्ये बहुतेकांना हातावर उचलून दहा सेकंद धरायला शिकवतात. पण दबलेल्या भागात रक्त पुरतं परतायला साधारण दोन मिनिटं लागतात. हातावर कोण दोन मिनिटं लटकणार? शिवाय आता खांदे हेच आपले पाय. रोज तीसेक वेळा अख्खं शरीर उचललं तर काही वर्षांत खांदे जातात, मग सगळंच परावलंबी. म्हणून उचलणं हा सरकताना वापरायचा प्रकार, दाब उतरवायचा नव्हे.

पुढे वाकणं: माझं आवडतं. खुर्ची थोडी पुढे नेऊन मागे घ्या, म्हणजे पुढची छोटी चाकं पुढच्या दिशेला वळतात आणि खुर्ची पुढे उलटायची शक्यता कमी होते. ब्रेक लावा. कोपरं गुडघ्यांवर, नाहीतर समोरच्या टेबलावर डोकं. जमेल त्यांनी छाती मांड्यांवर. पहिले काही दिवस समोर माणूस हवा. दोन मिनिटं.

कुशीला झुकणं: एका आर्मरेस्टवरून किंवा शेजारच्या पलंगावर कोपर टेकून इतकं झुका, की दुसरा कुल्ला कुशनवरून सुटेल. मग दुसरी बाजू. दोन्हीकडे दोन-दोन मिनिटं. आर्मरेस्ट नुसता धरून मान कलवली तर खाली काही हलत नाही; घरच्यांना हात घालून बघायला सांगा.

मागे कलवणं: मानेच्या दुखापतीत किंवा हात कमकुवत असतील तर. कलणारी खुर्ची असेल तर सीट आणि पाठ दोन्ही एकत्र मागे जातात. थोडंसं कलवून फायदा नसतो, निदान तीस अंश आणि जमेल तर पंचेचाळीसपर्यंत. पाठ वेगळी झुकत असेल तर आधी सीट कलवा, मग पाठ झुकवा. परत येताना उलट क्रम. नुसती पाठ झुकवली की घसरण होते. साध्या खुर्चीत घरच्यांनी मागे पलंगावर बसून खुर्ची आपल्या मांडीवर टेकवून धरायची. हे फिजिओसमोर शिकल्याशिवाय करू नका.

टायमर लावा, पण टायमरचा दोन दिवसांत कंटाळा येतो. मी तो सवयींना बांधला: मालिकेतली प्रत्येक जाहिरात, कुकरची शिटी, ऑफिसच्या प्रत्येक कॉलचा शेवट. ट्रेनमध्ये दर तीन स्टेशनांनी. ठाण्याहून वाशीला जाताना ऐरोली ओलांडलं की मी वाकलेली असते. समोरच्यांना वाटतं बाईला चक्कर आली. पाणी देतात. मी घेतेही.

७. किती वेळ बसायचं

पहिल्यांदा बसताना पंधरा-वीस मिनिटं. मग झोपवून कातडी बघायची. लाली अर्ध्या तासात पूर्ण गेली तर पुढच्या वेळी दहा-पंधरा मिनिटं जास्त. नाही गेली तर वाढवायचं नाही, कारण शोधायचं. नवं कुशन, नवी खुर्ची, दीर्घ आजारपण किंवा जखम भरल्यानंतरही पुन्हा इथूनच सुरुवात. पहिल्या दिवसांत बसवल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येणं नेहमीचं आहे. खुर्ची मागे कलवा, पाय उचला, मग खुर्ची पुन्हा हळूहळू सरळ करा.

कमोडची खुर्ची या हिशोबात मोजायची विसरू नका. तिचं कडक प्लॅस्टिक आणि मधलं भोक म्हणजे वर सांगितलेली रिंगच. गादीची सीट बसवा आणि पंधरा-वीस मिनिटांपुढे जाऊ नका. माझ्या ओळखीच्या एकांची जखम खुर्चीची नव्हती, रोजच्या तासभराच्या कमोडची होती.

८. कातडी रोज दोनदा

सकाळी बसण्याआधी, रात्री झोपताना. दोन्ही बैठकीची हाडं, माकडहाड, कुल्ल्यांच्या बाजू, टाचा, घोटे, गुडघ्यांच्या आतल्या बाजू. आरसा वापरा किंवा घरच्यांना रोज त्याच उजेडात फोटो काढायला सांगा. फोटो कालच्याशी ताडून बघता येतो.

पुस्तकात "लाल डाग" लिहिलेलं असतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल दिसतोच असं नाही. जांभळट, काळपट, चमकणारा डाग; आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिलपिलीत जागा; हे शोधा. हाताच्या पाठीनं स्पर्श करून बघा. तीस मिनिटांत उतरला नाही तर त्या भागावर बसायचं नाही, डाग पूर्ण जाईपर्यंत. ऑफिस आहे, लग्न आहे, काहीही असो. मी तेव्हा बहिणीच्या साखरपुड्याला बसले होते.

डागावर मालीश नको, तेल चोळणं नको, पावडर नको, बल्बचा शेक तर मुळीच नको. फोड, उघडी जखम, काळं पडलेलं मांस, घाण वास, ताप, यातलं काही दिसलं की डॉक्टर, त्याच दिवशी. आणि जेवण बघा: डाळ, अंडी, मासे, दूध. जखम भरायला प्रथिनं लागतात, आणि आपल्याकडे आजारी माणसाला आठवडेच्या आठवडे पेज पाजतात. तंबाखू, सिगारेट बंद. मधुमेह असेल तर साखर ताब्यात.

डी-६ किंवा त्याच्या वरची दुखापत असेल तर आणखी एक धोका. अचानक फुटणारं डोकं, चेहऱ्यावर घाम, लाली, बीपी एकदम वर: हे खाली कुठेतरी काही बोचतंय याचं लक्षण असू शकतं. तुंबलेली लघवीची नळी, घट्ट पट्टा, तुंबलेला संडास, बेडसोअर. सरळ ताठ बसवा, घट्ट असेल ते सैल करा, नळी बघा, आणि उतरत नसेल तर लगेच हॉस्पिटल. डॉक्टरला "ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया" हा शब्द सांगा. सगळ्यांच्या लक्षात तो लगेच येतो असं नाही.

९. घराबाहेर

कुशन तुमच्याबरोबर प्रवास करतं. रिक्षात बसताना खुर्ची मागे बांधली आणि कुशनही तिच्यातच गेलं, तर तुम्ही घोडबंदर रोडचे खड्डे कडक सीटवर बसून मोजताय. आधी कुशन रिक्षाच्या सीटवर, मग तुम्ही. गाडीतही तेच. रिक्षात सरकताना बूड लोखंडी कडेवरून घासत नेऊ नका. गुळगुळीत सरकफळी छान काम करते.

मे महिन्यात उन्हात उभ्या राहिलेल्या खुर्चीचा लोखंडी फूटरेस्ट आणि रेक्झिन हात लावून बघितल्याशिवाय वापरू नका. अनवाणी पाय भाजला तरी कळणार नाही. मांडीवर चहाचा कप, गरम डबा, लॅपटॉप, काही नको. तलावपाळीला बसून मांडीवर ठेवलेल्या गरम भजीच्या पुडीनं माझ्या मांडीला फोड आला होता. भजी चांगली होती, तेवढंच.

घाम: दर दोन-तीन तासांनी झुकताना हात घालून ओल बघा. सुती अंतर्वस्त्रं, सैल कपडे. बूट अर्धा नंबर मोठे, कारण संध्याकाळी पाय सुजतात.

१०. कागद आणि मदत

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) आधी करून घ्या; अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन होतो, तपासणी सरकारी रुग्णालयात. लागतं: आधार, फोटो, सही, पत्त्याचा पुरावा, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयचा रिपोर्ट. केंद्राच्या एडिप योजनेतून खुर्ची मिळायला ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व आणि उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि गेल्या तीन वर्षांत त्या योजनेतून साधन घेतलेलं नसावं. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या दिव्यांग विभागातही चौकशी करा. स्थानिक संस्थांना ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवावा लागतो. मापाची बैठक समजून घ्यायला हाजीअलीची सरकारी संस्था, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, जवळची आहे.

सापळा एकच: शिबिरात मिळणारी खुर्ची बहुतेक एकाच मापाची असते, आणि ती नाकारली तर "फुकट मिळतंय तरी नको" असं ऐकावं लागतं. ऐका. डॉक्टरच्या चिठ्ठीवर सीटची रुंदी, खोली आणि कुशनचा प्रकार लिहून घ्या, ती चिठ्ठी अर्जाला जोडा. नाहीच जमलं तर खुर्ची घ्या, पण फळी, कुशन आणि फूटरेस्टचं काम पहिल्या दिवशी करा.

सगळ्या कागदांच्या फाइलला आतून एक पान चिकटवा: तुमची पाच मापं, कुशनची हवा किती पंप, फूटरेस्ट कितव्या भोकात. दुरुस्तीला खुर्ची गेली की कारागीर ही जुळणी हमखास बदलून पाठवतो. आणि कुशनच्या तळाला मार्करनं खरेदीची तारीख लिहा. ती आठवत नसेल तर आत्ताच कुशन उलटं करून बघा.